दुसऱ्या चौकोनाकडे पाहा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळणाऱ्यांच्या बोलण्यात ‘रोटेशन’ हा शब्द पदोपदी येतो आणि नवख्याची पहिली फसगत याच शब्दापाशी होते. रोटेशन म्हटले की डोळ्यांपुढे रहाटगाडगे उभे राहते. पहिले मडके, दुसरे, तिसरे आणि फिरून पुन्हा पहिले. २००४ साली हा खेळ आला तेव्हा काही पात्रांची लढाई जवळपास अशीच होती. एकच मंत्र मॅना संपेपर्यंत टाकत राहायचा. आता तसे राहिलेले नाही. रेट्रिब्युशन पॅलाडिनचे उदाहरण घ्या. त्याच्याकडे होली पॉवर नावाची शिदोरी असते आणि ती पाचाच्या वर साठत नाही. जजमेंट, ब्लेड ऑफ जस्टिस यांसारखे वार ती भरतात, टेम्पलर्स व्हर्डिक्ट तीन खर्च करून मोठा तडाखा देतो. वेक ऑफ ॲशेस एकदम तीन देतो. हातात एक किंवा दोन असताना तो वापरला तर तिन्ही पदरात पडतात. चार असताना वापरला तर दोन वाया जातात. म्हणजे ‘वेक ऑफ ॲशेस कितव्या क्रमांकावर?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ते त्या क्षणी शिदोरीत किती आहे यावर ठरते. म्हणून याला चक्र म्हणण्यापेक्षा अग्रक्रमाची यादी म्हणणे बरे. दर वेळी यादी वरून खाली वाचायची आणि जिची अट पहिल्यांदा खरी ठरेल ती ओळ पाळायची. अशा यादीत वीस-तीस ओळी सहज असतात, आणि त्या वाचायला वेळ मिळतो दीड सेकंद किंवा त्याहून कमी. एवढ्या घाईत यादी वाचून देण्यासाठीच रोटेशनची ॲड-ऑन, म्हणजे खेळाला जोडायची छोटी पूरक साधने, निघाली.

या ॲड-ऑनचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे हेकिली; मुख्य आवृत्तीत तिचा काळ आता संपला आहे, त्याबद्दल शेवटी. पडद्यावर ती तीन-चार छोटे चौकोन ओळीने दाखवते. पहिल्या चौकोनात आता दाबायचे बटण, दुसऱ्यात त्यानंतरचे, तिसऱ्यात त्याच्याही नंतरचे. मॅक्सडीपीएस हे दुसरे ॲड-ऑन वेगळे चौकोन न मांडता तुमच्या बटणपट्टीवरचे योग्य बटणच उजळते. दोन्हींच्या मुळाशी असलेले ज्ञान मात्र बहुतांशी बाहेरून आलेले असते. सिम्युलेशनक्राफ्ट नावाचा एक मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे. तो एखाद्या पात्राची लढाई हजारो वेळा कागदावर खेळून सरासरी काढतो आणि त्यासाठी प्रत्येक पात्राची अग्रक्रमाची यादी जाणकार खेळाडू लिहून ठेवतात. हेकिली याच याद्या आपल्या भाषेत उतरवून घेते, तुमच्या पात्राची या क्षणाची स्थिती वाचते आणि मनातल्या मनात काळ थोडा पुढे सरकवून बघते. ‘हे बटण दाबले तर सव्वा सेकंदाने शिदोरी किती असेल, कोणत्या बटणाचा कूलडाउन, म्हणजे ते पुन्हा वापरता येईपर्यंतचा काळ, संपलेला असेल, आणि मग यादीतली कोणती ओळ लागू होईल?’ दुसरा चौकोन या हिशेबातून येतो. पहिल्या चौकोनात आजची गोष्ट आहे, दुसऱ्यात अंदाज. हा फरक लक्षात ठेवा, कारण या लेखातला सगळा सल्ला त्यावर उभा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की बहुतेक लोक हे ॲड-ऑन उलट्या बाजूने वापरतात. चुकीचे बटण दाबले जाऊ नये म्हणून ते लावतात, पहिल्या चौकोनावर नजर खिळवतात, चित्र बदलले की तसे बटण शोधून दाबतात आणि आकडे का वाढत नाहीत म्हणून चक्रावतात. नुकसान मुख्यतः चुकीच्या बटणाने होतच नाही. ते रिकाम्या वेळेने होते. थोडे गणित करू. वॉरक्राफ्टमध्ये एक कृती केली की ग्लोबल कूलडाउन, म्हणजे पुढची कृती करता न येण्याचा काळ, सुरू होतो. तो मुळात दीड सेकंदाचा, हेस्ट हा वेगाचा गुण वाढेल तसा घटत पाऊण सेकंदापर्यंत उतरणारा. एखाद्याचा तो सव्वा सेकंद आहे असे धरा. पाच मिनिटांच्या लढाईत म्हणजे ३०० सेकंदांत त्याला २४० कृती करता येतात. आता त्याने प्रत्येक कृतीनंतर फक्त पाव सेकंद दम घेतला तर दर कृतीला दीड सेकंद लागतो आणि कृती होतात २००. चाळीस गेल्या. साडेसोळा टक्क्यांहून अधिक नुकसान झाले आणि एकही बटण चुकले नाही. उलट बाजूने पाहा. समजा दर दहा कृतींमागे एकदा त्याने सर्वोत्तमऐवजी वीस टक्के कमजोर बटण दाबले. तर एकूण तूट साधारण दोन टक्क्यांची. हे आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येक पात्रागणिक वरखाली होतील, एखाद-दुसरी चूक फार महागही पडते. पण दोन तुटींमधला फरक इतका मोठा आहे की आकडे थोडे हलवले तरी निष्कर्ष हलत नाही.

पाव सेकंद म्हणजे किती? चित्र बदललेले डोळ्याला दिसणे, ते कोणत्या बटणाचे हे ओळखणे आणि बोट तिथे नेणे, एवढ्याला माणसाला सहज पाव ते अर्धा सेकंद लागतो. पर्याय जितके जास्त तितका हा वेळ वाढतो, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हिक यांनी १९५२ सालीच प्रयोगातून मांडले होते. वॉरक्राफ्टच्या पात्राला डझनभर बटणे असतात. म्हणजे जो खेळाडू ग्लोबल कूलडाउन संपण्याची वाट पाहतो, मग चौकोनाकडे पाहतो आणि मग दाबतो, तो प्रत्येक वेळी वर सांगितलेली पाव सेकंदाची पट्टी भरतो आहे. ही पट्टी त्याच्यावर ॲड-ऑननेच बसवलेली आहे. बिनधास्त, थोडेसे चुकीचे पण न थांबता खेळणारा गडी त्याच्या पुढे निघून जातो आणि ॲड-ऑन वापरणारा समजतो की यादीच खोटी आहे.

यावरचा उपाय साधा आहे, पण सवय लागायला वेळ घेतो. बटण दाबले रे दाबले की पहिला चौकोन बदलतो. ग्लोबल कूलडाउन फिरत असतो तेव्हाच पुढचे चित्र समोर आलेले असते. ते त्याच वेळी वाचा, कूलडाउनची सावली सरकून संपल्यावर नव्हे. बोट आधीच त्या बटणावर ठेवा आणि सावली पूर्ण सरकायच्या किंचित आधी दाबून मोकळे व्हा. खेळ हे लवकर आलेले दाबणे फेकून देत नाही, रांगेत धरून ठेवतो. या रांगेच्या खिडकीला स्पेल क्यू विंडो म्हणतात आणि ती मुळात ४०० मिलिसेकंदांची असते. म्हणजे शेवटच्या ०.४ सेकंदात कधीही दाबा, कृती अगदी वेळेवर सुरू होते. भारतातून खेळणाऱ्यांसाठी ही खिडकी फार मोलाची आहे. या खेळाचे सर्व्हर भारतात नाहीत, त्यामुळे पुण्या-मुंबईचा किंवा पणजीचा खेळाडू युरोपच्या किंवा आणखी दूरच्या सर्व्हरवर जातो आणि संदेश जाऊन परत यायला शे-दीडशे मिलिसेकंद, कधी त्याहून जास्त लागतात. मेनूच्या बटणावर माउस नेला की हा आकडा खेळच दाखवतो. परदेशी मार्गदर्शकांत ‘खिडकी शंभरवर आणा’ असा सल्ला आढळतो. तो सर्व्हरच्या शेजारी राहणाऱ्यांचा सल्ला आहे. आपला विलंब दोनशेच्या घरात असेल तर खिडकी शंभर केल्याने हाती रिकामा वेळच येईल. मूळ आकड्याला हात न लावणे हेच आपल्याकडच्या बहुतेकांना सोयीचे.

आता दुसरा चौकोन. पहिला वाचण्याचा वेग आला की नजर हळूहळू दुसऱ्याकडे सरकवा. हा चौकोन अंदाज आहे असे वर म्हटले. बहुतेक वेळा तो खरा ठरतो, म्हणजे दुसऱ्यातले चित्र पुढच्या क्षणी पहिल्यात येते. कधी कधी मात्र येत नाही. दुसऱ्यात एक दिसत होते आणि पहिल्यात भलतेच आले. बहुतेक खेळाडू यावर वैतागतात. वास्तविक शिकण्याची जागा हीच. अंदाज चुकला याचा अर्थ मधल्या क्षणात असे काहीतरी घडले की जे ॲड-ऑनला आधी माहीत असणे शक्य नव्हते, आणि ते काय हे तुम्हाला ओळखता आले पाहिजे. फ्रॉस्ट मेज हा जादूगार फ्रॉस्टबोल्ट टाकतो. दुसऱ्या चौकोनात पुन्हा फ्रॉस्टबोल्टच असतो. तेवढ्यात पहिल्यात आइस लान्स येते. का? फ्रॉस्टबोल्टने कधी कधी, केवळ नशिबाने, फिंगर्स ऑफ फ्रॉस्ट नावाचा प्रसाद मिळतो. तो असताना पुढची आइस लान्स शत्रू गोठलेलाच आहे असे धरून मारते, आणि गोठलेल्यावर तिचा मारा तिप्पट होतो. खेळाडू याला ‘प्रॉक’ म्हणतात. वॉरियरच्या बाबतीत अचानक एक्झिक्यूट पुढे येतो. शत्रूचे आरोग्य वीस टक्क्यांच्या खाली गेले, हे कारण. पॅलाडिनच्या चौकोनात शिदोरी भरणाऱ्या वाराऐवजी खर्चाचा वार आला, म्हणजे आणखी भरली असती तर पाचाच्या वर गेली असती. प्रत्येक पात्राच्या अशा आश्चर्याच्या जागा मोजून सात-आठ असतात. यादीच्या तीस ओळी पाठ करण्याची गरज नाही. या सात-आठ जागा कळल्या की उरलेली यादी सपाट आणि तर्काने काढता येण्याजोगी आहे असे दिसते.

हे साधायचे तर ॲड-ऑनची मांडणीही तशी हवी. चौकोन पडद्याच्या कोपऱ्यात ठेवू नका. तिथे पाहताना पायाखालची आग दिसत नाही. पात्राच्या जरा खाली, मध्यरेषेजवळ ठेवा, म्हणजे नजर लढाईवरून फारशी हलत नाही. चौकोन तीनच पुरेत. चार-पाच केल्याने पुढचे जास्त कळते असे वाटते, पण प्रॉक असलेल्या पात्राचा चौथा चौकोन हा अंदाजावरच्या अंदाजावरचा अंदाज, त्याला किंमत नाही. चौकोनावर कीबाइंडची, म्हणजे त्या कृतीला नेमलेल्या कीची, अक्षरे दिसतात तीही सुरुवातीचे काही दिवस ठेवून नंतर काढून टाका. चित्रावरून कृती ओळखून बोट जाणे आणि अक्षर वाचून बोट जाणे या वेगळ्या सवयी आहेत, आणि दुसरी सवय लागली की ॲड-ऑन काढल्या दिवशी हात कोरे राहतात. शत्रूंच्या डोक्यावरच्या नामपट्ट्या चालू ठेवायला विसरू नका. आजूबाजूला किती शत्रू आहेत हे हेकिली त्यांवरूनही मोजते. त्या बंद असतील तर पाच जणांच्या घोळक्यात ती तुम्हाला एकट्या शत्रूची यादी वाचून दाखवत बसेल आणि दोष तुम्ही तिला द्याल. घाऊक मारा आणि एकेरी मारा यांतली निवड आपोआप, सक्तीने एकेरी, सक्तीने घाऊक अशी बदलता येते. त्या बदलाची की हाताशी ठेवा, कारण घोळक्यात असूनही एकालाच आधी लोळवायचे असते तेव्हा ॲड-ऑनला ते कसे कळणार?

हा शेवटचा प्रश्न जरा ताणायला हवा. ॲड-ऑनला काय कळत नाही? सिम्युलेशनक्राफ्टची मूळ लढाई साधारण ३०० सेकंदांची असते आणि तिच्या प्रकाराचे नाव आहे पॅचवर्क. नॅक्सरामसमधला हा बॉस एका जागी उभा राहून मार खातो आणि मार देतो, म्हणून त्याचे नाव स्थिर लढाईला पडले. याद्या घासल्या जातात त्या मुख्यतः अशा स्थिर लढाईवर. प्रत्यक्षातला बॉस उडतो, ढाल ओढतो, पंधरा सेकंद दुप्पट मार घेईल अशा अवस्थेत जातो. दोन मिनिटांच्या मोठ्या कूलडाउनचे गणित इथे आडवे येते. पाच मिनिटांच्या लढाईत तो सुरुवातीला, दुसऱ्या मिनिटाला आणि चौथ्या मिनिटाला असा तीनदा वापरता येतो. दर वेळी अर्धा मिनिट रेंगाळलात तर दुसरा वापर अडीचाव्या मिनिटाला, तिसरा थेट पाचव्या मिनिटाला, म्हणजे लढाई संपताना. तीनातला एक बुडाला. म्हणून ॲड-ऑन ‘मिळाला की वापर’ असे सांगते आणि सरासरीने ते बरोबरच आहे. पण बॉस वीस सेकंदांनी अगतिक होणार आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, आणि थांबल्याने एकूण वापरांची संख्या घटत नसेल, तर थांबणे शहाणपणाचे. हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती, म्हणजे लढाई किती वेळ चालेल, कोणत्या मिनिटाला काय होईल, संघातल्या इतरांनी आपले कूलडाउन कधीसाठी राखले आहेत, यांतले काहीच ॲड-ऑनच्या हाती नाही. म्हणून माझा आग्रह असा की मोठे कूलडाउन चौकोनांतून सरळ वगळा. हेकिलीत त्यासाठी वेगळी कळ आहे. छोटी, दर काही सेकंदांनी येणारी बटणे ॲड-ऑनने सुचवावीत, मोठी तुम्ही ठरवावीत. बचावाची बटणे आणि शत्रूचा मंत्र तोडण्याची बटणेही त्या रांगेत नकोत. ती रांगेत घातली की आणीबाणीची सूचना आणि रोजची सूचना एकाच आकाराच्या चौकोनात येतात, आणि डोळा दोन्हींना सारख्याच संथपणे घेतो.

चालतानाचेही तसेच. उभे राहून टाकायचा मंत्र चौकोनात आहे आणि पायाखालून सरकणे भाग आहे, अशा वेळी चौकोन न मानता चालता चालता जमेल ते कोणतेही बटण दाबा. रिकाम्या वेळेचे गणित इथेही लागू आहे. यादीतला सातवा पर्याय शून्यापेक्षा कितीतरी मोठा. जादूगार वर्गाच्या खेळाडूंची सर्वांत जास्त तूट अशा सरकण्याच्या क्षणांत होते आणि ॲड-ऑनपुढे आज्ञाधारकपणे थांबणारे त्यात आघाडीवर असतात.

सराव कुठे करावा? मोठ्या शहरांत लाकडी पुतळे उभे असतात; स्टॉर्मविंडमध्ये, ऑर्ग्रिमारमध्ये, द वॉर विदिन या विस्तारातल्या डॉर्नोगालमध्येही. पाच मिनिटे चौकोन पाहून, मग पाच मिनिटे चौकोन बंद करून मारा. दोन्हींची नोंद ठेवा. चॅटमधून कॉम्बॅटलॉगची आज्ञा दिली की खेळ लढाईचा प्रत्येक तपशील फायलीत लिहितो आणि ती फाइल वॉरक्राफ्ट लॉग्जसारख्या सेवेवर चढवली की तुम्ही किती टक्के वेळ कार्यरत होता हे दिसते. आधी हा आकडा पाहा, एकूण माऱ्याचा नंतर. चौकोन बंद केल्यावर कार्यरत वेळ घटला नाही पण मारा किंचित घटला, तर हात तयार आहेत, फक्त आश्चर्याच्या एक-दोन जागा सुटतात. कार्यरत वेळच दहा टक्क्यांनी कोसळला तर तुम्ही यादी शिकलेला नाही, चौकोन वाचायला शिकला आहात. तेव्हा पुन्हा मागे जा, चौकोन तीनाऐवजी दोन करा, आणि दर चुकलेल्या अंदाजाचे कारण स्वतःशी म्हणा. हा कंटाळवाणा भाग आहे. पाढेही कंटाळवाणेच होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो लबाडीचा. यंत्राने सांगायचे आणि आपण दाबायचे, यात खेळ कुठे राहिला? आक्षेप जुना आहे आणि खेळाची निर्माती कंपनी ब्लिझर्डनेही तो फार आधी विचारात घेतला. सुरुवातीच्या काळात डिकर्सिव्ह नावाचे ॲड-ऑन शापित सोबती स्वतःच निवडून त्याच्यावर मंत्र टाकत असे. खेळाडूने एक बटण बडवत राहायचे. डिसेंबर २००६ च्या २.० आवृत्तीपासून हा दरवाजा बंद झाला. तेव्हापासून ॲड-ऑन कृती स्वतः करू शकत नाही, लक्ष्य निवडू शकत नाही. एका दाबाला ग्लोबल कूलडाउन घेणारी एकच कृती, आणि दाबणारे बोट माणसाचे. मार्च २००९ मध्ये आणखी अटी आल्या. ॲड-ऑन फुकट हवे, त्याचा कोड कोणालाही वाचता येईल असा उघडा हवा, खेळात जाहिराती किंवा देणगीची याचना नको. या चौकटीत बसणारे ॲड-ऑन सांगते, करत नाही. जे करते त्याला बॉट म्हणतात आणि ते वेगळे प्रकरण. ग्लायडर नावाच्या बॉटवरून झालेला खटला अमेरिकेत नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला आणि तिथला निकाल डिसेंबर २०१० मध्ये लागला. नव्या वाचकाने एक खूण लक्षात ठेवावी. ॲड-ऑन म्हणजे खेळाच्या इंटरफेस फोल्डरात टाकायचा ल्युआ भाषेतल्या फायलींचा एक पुडका. जे उतरवले त्यात वेगळा चालवायचा प्रोग्रॅम निघाला आणि तो तुमच्या वतीने की दाबतो असे सांगत असेल तर ते ॲड-ऑन नाही. खाते तर जाईलच, संगणकाचेही सांगता येत नाही. प्रत्येक खेळाचे नियमही वेगळे. फायनल फँटसी १४ मध्ये असली बाहेरची साधने सरसकट निषिद्ध आहेत. वॉरक्राफ्टची सवय तिथे नेऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून मार्क मिळतात, विषय येत नाही, तसेच हे. मान्य, पण अर्धेच. पहिल्या चौकोनावर जगणाऱ्याला हे तंतोतंत लागू पडते आणि म्हणूनच वरचे सगळे सांगावे लागले. मात्र पर्याय काय आहे तेही पाहा. ॲड-ऑन नको म्हणणारा नवखा खेळाडू लांबलचक लेखी मार्गदर्शक वाचतो, तीस ओळी डोक्यात कोंबतो आणि लढाईत त्यांतल्या पाच वापरतो. उरलेल्या पंचवीस चुकल्या हे त्याला कोणी सांगत नाही. शिकणाऱ्याला चूक झाल्या क्षणी चूक कळणे फार मोलाचे असते, आणि कागदाला ते जमत नाही. ॲड-ऑन ते करते, फक्त कारण सांगत नाही. कारण शोधण्याचे काम शिकणाऱ्यावर सोडलेले असणे वाईट आहे असे मला वाटत नाही. ज्यांची बोटे किंवा नजर हळू आहे, ज्यांना वयामुळे किंवा आजारामुळे इतक्या बटणांचा मेळ घालणे अवघड जाते, त्यांना तर पाठांतराचा आरोप लावणेच अन्यायाचे. त्यांनी पहिला चौकोन पाहून आयुष्यभर खेळावे.

तिसरा मुद्दा आक्षेपापेक्षा बातमी आहे. ब्लिझर्डने जून २०२५ मध्ये ११.१.७ या आवृत्तीत असा सल्लागार खेळातच बसवला. एक रूप पुढचे बटण उजळून दाखवते. दुसऱ्या रूपात एकच बटण पुन्हा पुन्हा दाबले की खेळ योग्य ती कृती करतो. त्यानंतर मिडनाइट विस्ताराच्या, म्हणजे बाराव्या आवृत्तीच्या वेळी लढाईतली बरीच माहिती ॲड-ऑनसाठी ‘गुप्त’ करण्यात आली. ॲड-ऑन ती माहिती दाखवू शकते, पण तिच्यावर हिशेब करू शकत नाही. हेकिलीचा सगळा धंदा हिशेबाचा, त्यामुळे मुख्य आवृत्तीत त्या पद्धतीच्या ॲड-ऑनचा काळ तिथे संपला. मिस्ट्स ऑफ पँडेरियाच्या क्लासिक आवृत्तीसारख्या जुन्या रूपांसाठीही हेकिली बनवली गेली आहे. तिथे खेळणाऱ्याने सध्या काय चालते ते स्थापनेपूर्वी पाहून घ्यावे. मग मुख्य आवृत्तीच्या वाचकाने वरची पाने उलटून टाकावीत का? नको. खेळातला उजेड दुसरा चौकोन दाखवत नाही, पण तो ग्लोबल कूलडाउन फिरत असतानाच पुढच्या बटणावर सरकतो. त्याच वेळी वाचण्याचा नियम जसाच्या तसा राहतो. दुसरा चौकोन आता तुमच्या डोक्यात असायला हवा. उजेड पडण्याआधी स्वतः अंदाज बांधा, आणि तो चुकला की कारण शोधा. बचाव आणि मंत्र तोडणे या सल्लागाराचे काम नाही, ते तुमचेच.

आणि त्या एकाच बटणाच्या सोयीवर ब्लिझर्डने लावलेली किंमत पाहण्याजोगी आहे. फायदा फार होऊ नये म्हणून काहीतरी दंड हवा होता. वार कमजोर करता आले असते, मुद्दाम चुकीचा क्रम देता आला असता. मुख्य दंड म्हणून त्यांनी ग्लोबल कूलडाउन थोडा लांबवला. एका कृतीमागे किंचितसाच वेळ, पण शेकडो कृतींवर पसरला की हाताने, चुका करत, न थांबता खेळणाऱ्याला पुढे काढण्याएवढा. ते एक बटण वापरायचेच असेल तर लांब लढाईत नव्हे, रोजच्या किरकोळ मोहिमांत वापरा. आणि रेडच्या, म्हणजे मोठ्या सांघिक लढाईच्या, संध्याकाळी ते पट्टीवरून काढून ठेवा, नाहीतर सवयीने बोट तिकडेच जाते.